सडक सोडली

४ नोव्हेंबर २०१८, रविवार

आज पुन्हा थांबवलं. आधी कोपऱ्यावर दीक्षितजींनी, मग चर्चजवळ त्या दोघी बहिणींनी. हात वर करतात, चौकातल्या पोलिसासारखा. थांबावंच लागतं. "भाभीजी, बहुत बुरा हुआ." हे जाऊन सहा महिने झाले, तरी सडकेवर अजून तेच. मी धापा टाकत उभी, घाम नाकावरून ओघळतोय — आणि त्यांना वाटतं मी रडतेय! दीक्षितजींनी तर खिशातून रुमाल काढून दिला. घेतला. काय करणार?

झाशीच्या सिविल लाइन्समधल्या ह्या सडकेवर आम्ही दोघं रोज पळायचो. हे पुढे, मी अर्धं पाऊल मागे. आता ती पुढची मोकळी जागा सगळ्यांना दिसते. मलाही दिसते, पण मला ती पळताना दिसली तर चालते. उभं राहून नाही बघवत.

निघताना दीक्षितजी म्हणाले, "आप अभी भी दौड़ती हैं?... अच्छा है, मन लगा रहता है." त्या "अच्छा है"च्या आधी ते जरा थांबले. तेवढं मला ऐकू आलं.

७ नोव्हेंबर

दिवाळी. आपल्याकडे वर्षाच्या आत कढई चढवायची नाही, म्हणून शेजारपाजारच्यांनी फराळ आणून दिला. इतका, की कढई चढवत होतो तेव्हाही घरात एवढा नसायचा. सासूबाई म्हणाल्या, "चकल्या मऊ आहेत." आणि तीन खाल्ल्या.

११ नोव्हेंबर, रविवार

सडक सोडली!

ठरवून नाही. दीक्षितजी लांबून दिसले, हात वर जायच्या बेतात होता. मी सरळ गल्लीत वळले आणि घरी येऊन स्कूटी काढली. लक्ष्मी ताल तळ्याच्या पलीकडे कैमासन मातेच्या टेकडीच्या अंगाला लावली आणि दगडधोंड्यांतून जी पायवाट दिसली ती धरली. शेळ्यांची वाट आहे. लेंड्यांवरून कळतं.

थोड्याच वेळात पडले. चांगली पालथी. गुडघा फुटला, तळहात सोलले. उठून पुन्हा पळाले, पुन्हा पडता पडता वाचले.

कारण कळलं, आणि जरा वाईटही वाटलं. ह्यांनी शिकवलेलं — "हनुवटी वर, नजर सडकेच्या टोकाला. पायाकडे बघणारा लवकर दमतो." इतकी वर्षं तसंच पळाले. इथे टोकाकडे बघितलं की गेलात! इथे पुढच्या दगडाकडेच बघावं लागतं.

घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, "कुणी मारलं?" म्हटलं, दगडाने. "मग बरोबर आहे," म्हणाल्या आणि हळद आणायला आत गेल्या.

१३ नोव्हेंबर

गुडघा ठणकतोय. तरी गेले. हात वर करून माझा रस्ता अडवणारं तिथे कुणी नाही. करवंदीच्या जाळ्या अडवतात, पण त्या सांत्वन करत नाहीत.

२५ नोव्हेंबर, रविवार

पुण्याहून श्रीकृष्ण भाऊजींचा फोन. दर रविवारी येतो. शेवटी तेच — "वहिनी, वर्ष झालं की तुम्ही दोघी इकडे. दादाला वचन दिलंय." मी "हो" म्हटलं. मी नेहमी हो म्हणते.

ते वचन लिहून ठेवावं, नाहीतर पुढे मलाच खरं वाटायचं नाही.

दहाव्याला ओरछ्याच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. मे महिन्यातली दुपार, बिचारे कावळे कुठल्यातरी सावलीत बसले असणार! पण तसं कुणी म्हणत नसतं. गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली आहे, ती ओळखायची, मोठ्याने कबूल करायची, मग तो येतो. गुरुजी म्हणत होते, "बोलो भैया, कुछ और बोलो." कुणी म्हणालं, "तुमची मोटरसायकल विकणार नाही." काही नाही. कुणी तंबाखू सोडली. काही नाही. सासूबाई पुढे झाल्या — "विद्याधरा, तुझ्या बायकोला मी टोचून बोलणार नाही." कावळा ढिम्म. त्यालाही पटलं नसावं.

शेवटी भाऊजी, चेहरा लालबुंद, आभाळाकडे बघत ओरडले, "दादा, आईला आणि वहिनीला मी पुण्याला घेऊन जातो! वर्ष झालं की दोघी माझ्याकडे!" आणि लिंबातून एक कावळा सरळ खाली आला. चोच लावली. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

तेव्हापासून ते ठरलेलं आहे. आम्हाला मूलबाळ नाही, सासूबाईंचा एकच मुलगा उरलाय. त्यांना त्याच्याजवळ राहावंसं वाटणारच. मी मधे पडणारी कोण?

२ डिसेंबर

सासूबाईंना नवीन उद्योग मिळालाय. मी परत आले की पायमोजे आणि पायजमा मागून घेतात, उन्हात बसतात आणि त्यात रुतलेली कुसळं एकेक काढतात. तोंड चालूच — "लोक सकाळी फुलं घेऊन येतात, ही गवत घेऊन येते." काल मी स्वतःच काढून टाकली होती, तर दिवसभर गप्प होत्या. आज मुद्दाम गवतातून पळाले.

९ डिसेंबर

टेकडीवर आज एक बाई भेटली. माझ्या मागून आली, शेळीसारखी टुणटुण उड्या मारत पुढे गेली, वळून बघितलं आणि मराठीत म्हणाली, "अवो काकू, टाच रोवून उतरू नका, घसराल! पाय ढिला सोडा, पळू द्या त्याला."

मला मराठी येतं हे हिला कसं कळलं? तर म्हणाली, "मघा घसरलात तवा 'अगं आई' म्हनलात की!"

चंद्रभागा तिचं नाव. आजीचं ठेवलंय, ते तिला आवडत नाही. माण तालुक्यातली, नवरा हवालदार, इथे छावणीत आल्याला चार महिने झालेत. गावी डोंगरावरून शाळेत पळत जायची. क्वार्टरात बसून अंग आंबलं, म्हणून येते. माझं बोलणं ऐकून हसायला लागली. "काकू, तुमचं मराठी आमच्या आज्याच्या पोथीवानी हाय. आन् मधीच 'बिल्कुल' काय म्हनता?" म्हटलं, आमचे खापरपणजोबा पेशव्यांच्या कामावर इकडे आले ते इथेच राहिले. इतक्या वर्षांत थोडं बिल्कुल होणारच.

तिने विचारलं, काका काय करतात. म्हटलं, गेले. ती म्हणाली, "बरं. चला, अंग गार पडंल." आणि पळायला लागली.

इतकं चांगलं सांत्वन मला आजवर कुणी केलेलं नाही.

१६ डिसेंबर

पाय ढिला सोडता येत नाही. मनाने सोडते, पाय ऐकत नाही. चंद्रभागा म्हणते, "तुमी पायाला पन 'अहो' म्हनता वाटतं."

६ जानेवारी २०१९

दाट धुकं. दोघी हरवलो. डोंगरातली म्हणवणारी चंद्रभागा बिनधास्त पुढे, "हिकडंच हाय काकू," आणि आम्ही तिसऱ्यांदा त्याच पडक्या विहिरीपाशी. हसून हसून पोट दुखलं. धुक्यातून शेळ्या आल्या आणि त्यांच्या मागे एक म्हातारी. आम्हाला पळताना बघून थबकली. "काए बिन्नू, कोऊ पाछें लगो है का?" मागे कुणी लागलंय का, विचारत होती. चंद्रभागेला कळलं नाही, मी सांगितलं. ती म्हणाली, "सांगा, कुनी न्हाई. आमचं आमीच."

म्हातारीलाही वाट सापडेना. धुकं विरेपर्यंत तिघी विहिरीच्या काठावर बसून राहिलो. शेळीने माझी ओढणी खाल्ली.

घरी उशीर झाला तर सासूबाई फाटकात उभ्या. जेवताना म्हणाल्या, "पुण्याला हे असं चालायचं नाही हं. तिथे शिस्त असते."

१५ जानेवारी

संक्रांत. आमच्याकडे नाही. शेजारणीने तिळगूळ पुढे केला नि मग ओशाळून मागे घेतला. मीच हात पुढे केला.

१० फेब्रुवारी, रविवार

आज जमलं! टेकडीच्या माथ्यावरून खाली, खडीच्या उतारावर, पाय ढिला सुटला. आपोआप. दगड डोळ्यांना दिसतोय आणि पाय आधीच तिथे. खाली आले तेव्हा ओरडत होते. मी! ऑफिसात माझा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत जात नाही म्हणतात.

पळस फुलायला लागलाय. इथे टेसू म्हणतात.

तोच दिवस, दुपारी

अंघोळ करताना लक्षात आलं, आज सबंध वाटेवर ह्यांची एकदाही आठवण आली नाही.

तशीच बसून राहिले. बादलीतलं पाणी गार झालं.

सडकेवर प्रत्येक पावलाला हे होते. झाडं, वळणं, गतिरोधक, सगळं आमचं दोघांचं. टेकडीवर हे कधी आलेच नाहीत. त्यांना दगडधोंडे आवडत नसत — "घोटा मुरगळेल." तिथे जे आहे ते माझं एकटीचं आहे. आयुष्यात पहिल्यांदा माझं एकटीचं काही आहे आणि ते मला असं मिळालं. हे बरोबर आहे का, मला कळत नाही.

मग रडले. नीट रडले, सावकाश, कुणी रुमाल द्यायला नसताना. बाहेरून सासूबाई म्हणाल्या, "पाणी संपवलंस की काय सगळं!"

१२ फेब्रुवारी

पुन्हा गेले. तेवढंच बरं वाटतं. खरं तर फार बरं वाटतं.

२६ फेब्रुवारी

विमा कंपनीच्या आमच्या ऑफिसात आज सक्सेना साहेब स्वतः टेबलाशी आले. भाऊजींच्या सांगण्यावरून केलेला पुण्याच्या बदलीचा अर्ज मंजूर! जूनपासून. "दुर्गाजी, लोग पूना के लिए मन्नत मांगते हैं, आपका घर बैठे हो गया. मिठाई?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी समोसे मागवले.

माझ्या वाटणीचा समोसा तसाच राहिला.

३ मार्च

चंद्रभागेने माझं नाव एका शर्यतीत घातलं! एरचला, बेतवेच्या काठाने, झाशीच्याच एका मंडळाची. खडक, वाळू, शेतांचे बांध. मी म्हटलं, वर्षाच्या आत मला असल्या समारंभाला जाता येणार नाही. तर ही सरळ घरी येऊन सासूबाईंसमोर बसली. "आजी, काकूंना न्यायचं हाय."

सासूबाईंनी उलटतपासणीच घेतली. जेवण आहे का? नाही, केळं देतात. हारतुरे? पहिल्या येणाऱ्याला. "म्हणजे हिला नाहीत." वाजंत्री? चंद्रभागा खोटं बोलत नाही. म्हणाली, सुरू होताना ढोल वाजवतात.

सासूबाईंनी बराच विचार केला. "ढोलाच्या वेळी कानात कापूस घाल. मग जा."

१० मार्च, रविवार

गेले! कापूस घातला! ढोलवाला जीव तोडून वाजवतोय आणि मला नुसत्या काठ्या हलताना दिसतायत. निघायची शिट्टीही ऐकू आली नाही. सगळे पळाले, मी उभी. चंद्रभागेने परत येऊन ढकललं.

सुरुवातीला वाळू — पाय उचलला की अर्धा आतच राहतो. मग काळे खडक, नदी खाली, पाण्यावर ऊन. मग हरभऱ्याच्या शेताचा बांध. एका शेतातल्या बायकांनी हरभऱ्याची डहाळी हातात दिली, ती खात खात पळाले. शेवटी भोंग्यावरचा माणूस ओरडला, "और ये आ रही हैं हमारी माताजी!" माताजी! पन्नाशी नुकती लागलीय मला. इतका राग आला की पुढचा एक पोरगेला मुलगा लंगडत चालला होता, त्याला मागे टाकलं. नंतर वाईट वाटलं. पण फार नाही.

घरी आल्यावर सासूबाई — "कितवी?"

"शेवटून दुसरी."

"म्हणजे कुणीतरी मागे होतंच की." आणि पायमोजे मागून घेतले.

परतताना बसमध्ये चंद्रभागा खिडकीला डोकं टेकून झोपली होती. मी बेतवा दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मला झाशी सोडायची नाही. लिहून टाकलं. आता बोलायचं राहिलं, आणि ते मला जमत नाही.

१४ एप्रिल

ऊन फार. उजाडायच्या आधी जाऊन यावं लागतं. सासूबाईंनी ट्रंका काढल्या आहेत. रोज थोडं भरतात, रोज थोडं परत काढतात. काल पितळी डबे भरले, आज त्यांतूनच त्यांना मेथ्या हव्या झाल्या.

६ मे

इंग्रजी तारखेने आज वर्ष. पण मागच्या साली अधिक महिना आला, म्हणून तिथी पुढे गेली आहे. श्राद्ध पंचवीसला. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट लांबली म्हणून मी खूश झाले.

सकाळी मुद्दाम सडकेवर गेले. हनुवटी वर, नजर टोकाला. दीक्षितजींनी हात वर केला, मीही केला आणि न थांबता पुढे गेले. हे असते तर हसले असते.

२५ मे

वर्षश्राद्ध झालं. भाऊजी काल आले. तिकिटं अठ्ठावीसची, तिघांची. रात्री जेवताना सांगत होते — त्यांच्या सोसायटीत पळायला खास ट्रॅक आहे. "सगळं सपाट, वहिनी. खाली रबर! पडलात तरी लागणार नाही." टेकडीही आहे म्हणे, सकाळी अर्धं पुणं तिथे असतं. "सगळ्यांशी ओळख करून देतो तुमची. एकटं वाटणारच नाही."

किती चांगला माणूस! त्यामुळेच बोलता येत नाही.

२६ मे

बोलले.

सकाळी भाऊजी म्हणाले, "बघू तरी वहिनी, कुठे जाता ते." ऑफिसचे चामडी बूट घालून टेकडीवर आले. चढले बरे. वरून शहर बघितलं, फोटो काढला. उतरताना त्या मोठ्या तिरप्या दगडावर अडकले. पुढे येता येईना, मागे जाता येईना. बूट गुळगुळीत, चेहरा पांढरा. मी खालून हात दिला. त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

आणि मी म्हटलं, "भाऊजी, मी पुण्याला येणार नाही."

"वहिनी, आधी मला खाली घ्या!"

"घेते. पण मी येणार नाही. बदली नको म्हणून उद्या साहेबांना सांगणार आहे. टाच रोवू नका, पाय ढिला सोडा."

उतरले. घाम पुसला, बराच वेळ दगडाशी बसले. मग हळूच म्हणाले, "आणि दादाला दिलेलं वचन?"

"ते तुमचं. ह्यांच्याशी माझं मी बोलून घेईन."

वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, "इथे साप असतात का?" म्हटलं, असतात.

घरी भाऊजींनीच सांगितलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही. "हं," म्हणाल्या. थोड्या वेळाने — "मी जाणार. एकच मुलगा उरलाय मला." मी म्हटलं, "जा आई. मी येत जाईन." तांदूळ निवडून झाले होते. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतले.

२७ मे

साहेबांना सांगितलं. "दुर्गाजी, तबीयत तो ठीक है?" म्हटलं, बिल्कुल.

चंद्रभागेला सांगितलं तर तिने मला उचललं. खरंच उचललं, फाटकासमोर! मग विचारलं, "आन् आजी?" मी सांगितलं. तेव्हा तिने मला खाली ठेवलं.

२८ मे

दुपारच्या गाडीने गेल्या. खिडकीतून एकच बोलल्या — "दार नीट लावत जा." गाडी हलल्यावर माझ्याकडे बघितलं नाही. मी फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेले.

घर फार मोठं वाटतंय. सकाळचे पायमोजे खुर्चीवर पडलेत, त्यांतली कुसळं काढायला हातच होत नाही. आपल्या हट्टापायी म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर काढलं का मी?

तोच दिवस, संध्याकाळी

वाटेतल्या ललितपूर स्टेशनाहून भाऊजींचा फोन. सासूबाई पाय मोकळे करते म्हणून फलाटावर उतरल्या, बाकावर बसल्या आणि उठल्याच नाहीत. गाडी गेली! भाऊजी सगळं सामान घेऊन कसेबसे उतरले, शेजारी बसलेत. मग त्यांच्या हातातून फोन घेऊन सासूबाई — "मला तरी कुठे कुणी विचारलं होतं? ये घ्यायला. आणि पळत नको, गाडी करून ये."